रामनाथची तर आणि रविवारचे पाहुणे

भाईंदर बंदरावरच्या चिखलाची मला कधी किळस आली नाही. चिखल धुतला की जातो. माणसांची मात्र आली, आणि त्यात एक माणूस असा आहे की त्याचं तोंड मला रोज सकाळी दाढी करताना बघावं लागतं. पण आधी रामनाथबद्दल सांगतो.

त्रेसष्ट साली मी रत्नागिरीहून इथे मास्तर म्हणून आलो. खोली भाईंदरात आणि शाळा खाडीपलीकडच्या पाड्यावर, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ रामनाथच्या होडीशी गाठ. माणसं अल्याडपल्याड करण्याची ही तर त्याच्या आजोबांनी, धर्माजीने, सुरू केलेली. पाड्यावर पंचवीसेक घरं, सगळी मिठागरांत नाहीतर भातशेतीत राबणारी. त्यांच्यापैकी एकाकडेही स्वतःची होडी नव्हती. गरजच काय, रामनाथचं घराणं होतं ना! त्याबद्दल सुगीला घरटी भात ठरलेला.

पलीकडे उतारू जमले की ते काठीला धोतर बांधून हलवायचे. ते दिसल्यावर रामनाथ विडी संपवून, कमरेला हात लावून, दोन शिव्या घालून मग निघायचा. पण कोणाच्या जिवावर बेतलं तर पाड्यावर ओला पेंढा पेटवत. पांढराफटक जाड धूर वर चढला की हातातला घास टाकून निघायचं, हा धर्माजीचा दंडक. एकदा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून वल्ही मारताना मी रामनाथला पाहिलंय. पलीकडे कोणाचं तरी पोर विहिरीत पडलं होतं. पोर वाचलं. गोड बोलणं त्याच्या गावी नव्हतं. माझ्या काळ्या छत्रीवरून तो मला आठ वर्षं छळत होता. पण धूर दिसला आणि रामनाथ बसून राहिला, असं कधी झालं नव्हतं.

त्याची धाकटी बहीण रंभा पाड्यावरच्याच धाकूला दिलेली. "बहिणीला न्यायाआणायचा खर्च वाचला," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि तिच्यासाठी बाजारातून हळूच बांगड्या न्यायचा.

सदुसष्ट साली त्याच्या धाकट्या भावाला, शिवदासला, अक्कल सुचली. त्याने इंजिनाची होडी घेतली, तिच्यावर पताका लावल्या आणि मुंबईच्या लोकांना सफरीला न्यायला सुरुवात केली. त्यांना तो 'पाहुणे' म्हणायचा. काय पाहुणे होते महाराजा! होडीत बसायच्या आधीच बाटल्या उघडायचे. इंजिनाच्या धुराने आणि दारूने पोट ढवळलं की काठावरून वाकायचीही तसदी नाही, तिथंच फळ्यांवर ओकायचे. संध्याकाळी ते सगळं रामनाथ खराट्याने धुवायचा, कारण शिवदासला उलटीचा वास सहन होत नसे. मिशीतल्या मिशीत शिव्या घालत धुवायचा, पण धुवायचा. मला त्याचीही चीड यायची.

या पाहुण्यांना पाड्याच्या काठावर कोंबड्या भाजायची हौस. सरपण गोळा करायला कोण जाणार? लोकांच्या खळ्यावरचा पेंढा ओढायचा, ओला असला तरी पेटवायचा. पहिल्यांदा तो धूर दिसला तेव्हा रामनाथ जिवाच्या आकांताने गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा एकाने तेलकट हाताने हाड पुढे केलं, "ए नाववाला, टंगडी खाएगा?" बाकीचे खिदळले. रामनाथ परत आला आणि पाण्यात थुंकला.

एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीतला रविवार. शिवदास एका टोळीला पाड्याच्या काठावर उतरवून दुसरी घेऊन किल्ल्याकडे गेला होता. मी बंदरावर कालचं वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. पलीकडे धूर चढला. जाड, पांढरा. रामनाथ उठला, वल्ही उचलली.

"बसा हो," मी म्हणालो. मान वर न करता म्हणालो. "कोंबड्या भाजतायत तुमचे पाहुणे. पुन्हा टंगडी खायचीय का?"

रामनाथ क्षणभर थांबला. मग वल्ही खाली ठेवून माझ्या शेजारी बसला. मी त्याला अर्धं वर्तमानपत्रही दिलं, त्याला वाचता येत नसताना.

तासाभराने धाकू आला. पोहत, आणि ओहोटीच्या चिखलातून सरपटत. पाहुण्यांनी विस्कटलेला पेंढा रंभा आवरायला गेली होती. त्यात घोणस होती. पायाला चावली. धाकूने तोच पेंढा भिजवून पेटवला होता आणि काठावर उभा राहून होडीची वाट बघत होता. रामनाथने वल्ही कशी मारली ते मी सांगू शकत नाही, मला बघवलं नाही. पण पाणी उतरलं होतं, होडी दोनदा गाळात रुतली.

रंभा जगली. मुंबईच्या इस्पितळात तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. आठवड्याने मी रामनाथबरोबर तिला बघायला गेलो, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन. ती भावाकडे बघत म्हणाली, "दादूस, धूर दिसला न्हाय का तुला?"

"दिसला," रामनाथ म्हणाला.

"मंग?"

मला वाटलं, आता हा माझ्याकडे बोट दाखवणार. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मना वाटलं पाहुनं हायत. मीच बसून ऱ्हायलो."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडून एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी मोसंबी टेबलावर ठेवली आणि सोलायला सुरी आहे का, असं नर्सला विचारलं.

रंभा त्यानंतर भावाशी बोलली नाही. सात वर्षं. पाड्यावरच्या लोकांनी वर्गणी काढून स्वतःची होडी घेतली, सुगीचा भात बंद झाला. रामनाथ शिवदासच्या होडीवर खराटा मारायला राहिला आणि अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात गेला. त्याचं प्रेत नेतानाही ती पाड्यावरच्या आपल्या दारातून हलली नाही.

माझी शाळा अजून तिथेच आहे. येताजाता रंभा मला ओसरीवरून हाक मारते, "मास्तर, बसा. चा ठेवते." कुबडी घेऊन उठते, चूल पेटवते. सगळ्या पाड्यात माझ्यासारखा माणूस नाही, असं ती पोरांना सांगते. आणि मी बसतो. चहा घेतो. दुसरा कपही घेतो.