राखून ठेवलेली शीर

स्पिरिटचा वास आला की मला तो जुन्नरकडचा दवाखाना आठवतो. तेव्हा मी टोमॅटोची पिकअप चालवायचो आणि नशेची इंजेक्शनं टोचून घ्यायचो. हात सुजून अंगात ताप भरला होता, तरी भर मे महिन्यात लांब बाहीचा शर्ट घालून बाकड्याच्या टोकाला बसलो. तिथल्या, आहुपे गावाकडच्या वयस्कर सिस्टरनं बाही वर केली, सुयांचे डाग पाहिले. सलाईनसाठी दोनदा सुई टोचली, पण शीर लागेना. आता शिव्या बसणार म्हणून मी पायानं चपला शोधू लागलो. तिनं स्टूल जवळ ओढलं. "पावणं, तुमच्या शिरा तुमालाच म्हाईत. कुठली लागंल?" दवाखान्यात मला पावणं कुणी म्हटलं नव्हतं. "डाव्या अंगठ्यामागं एक चांगली हाय, राखून ठेवलीय," मी म्हणालो. "आजच्यासाठीच राखली म्हणायची," ती म्हणाली आणि पहिल्याच टोचणीत सलाईन सुरू झालं. "आता निवांत पडा. नशा सुटायच्या औषधाचं मागनं बोलू, घाई न्हाई." काल लेकीला लस द्यायला नेलं. सुई बघून ती माझ्याकडं वळली. माझा शर्ट अर्ध्या बाहीचा होता. तो डागांचा हात मी तिच्यापुढं केला आणि तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.