राजदूत खुशालराव मौतीला बसले

खुशालराव एकदाच आमदार झाले आणि पुढच्याच खेपेला पडले. पडले ते एका मौतीपायी. भातकुलीकडच्या एका गावात पुंजाराम नावाच्या कार्यकर्त्याचा बाप गेला, तेव्हा हे मुंबईत गुंतलेले. तेरवीलाही पोचले नाहीत. त्या गावानं ते मनात ठेवलं अन् मतांत काढलं. पण पक्षाला माणूस कामाचा वाटला. दिल्लीहून फोन आला आणि ज्याला विहिरीत पोहता येत नाही, तो समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर भारताचा राजदूत झाला.

निघताना वरूडचे संत्रेवाले घरी आले. फळमाशीच्या संशयावरून त्या बेटानं आपली संत्री बंद केली होती. "भाऊ, तेवढं दार उघडून द्या आमाले." खुशालराव हो म्हणून बसले, आणि तिथून त्यांच्या जिवाला घोर लागला.

बेटावरचे कृषिमंत्री आठ महिने भेटच देईनात. गावी सकाळी सहालाच ओट्यावर वीस माणसं अर्ज घेऊन बसायची. इथं दारात शिपाई अन् आत शांतता. खुशालराव खिडकी ते दार, दार ते खिडकी.

"अवो, बसा ना एका जागी," त्यांच्या पत्नी जमुनाबाई म्हणाल्या. "सरकारची फरशी झिजून राहिली."

"कोणी येऊनच नाही राहिलं, तं बसू कोणासाठी?"

एका सकाळी बातमी आली, मंत्र्यांची आई गेली. कचेरीतली अधिकारी रश्मी, मूळची अकोल्याची, शोकपत्राचा मसुदा घेऊन आली. खुशालराव चपला शोधत होते.

"साहेब, नियमानं पत्र जाते. बिनबोलावता कोणी जात नाही."

"मौतीले बोलावतात काय, बाई? तुमच्या अकोल्यात पत्रिका छापतात का?"

रश्मी मसुदा टेबलावर ठेवून गाडीत बसली. लोकांना समजावायला कोणीतरी दुभाषी हवाच होता.

मंत्र्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. हे भिंतीला टेकून जमिनीवर बसले, ते उन्हं कलेपर्यंत. मंत्री दोनदा समोरून गेले.

"साहेब, संत्र्याचं एक वाक्य टाकू का?" रश्मी कुजबुजली.

खुशालरावांनी असे डोळे वटारले की ती अंग चोरून बसली. आत मात्र त्यांचा जीव नुसता तडफडत होता. आठ महिन्यांनी माणूस हाताशी आला, अन् तोंड उघडायची सोय नाही.

चौथ्या दिवशी दिल्लीचं पत्र आलं: नियम मोडल्याचा खुलासा करा. पुन्हा खिडकी ते दार सुरू झालं. जमुनाबाईंनी बॅगा माळ्यावरून काढून ठेवल्या, लागल्या तर असाव्या म्हणून.

पंधराव्या दिवशी दारात गाडी थांबली. मंत्री. एकटेच, न कळवता. रश्मी मधे बसून दोघांचं बोलणं इकडून तिकडे करू लागली.

"दिवसभर बसलात, काही मागितलं नाहीत. असं का?"

"आमच्याकडं मौतीच्या घरी काम सांगत नाहीत."

मंत्र्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग म्हणाले, "हे तर तुमचं घर आहे. इथं सांगा."

खुशालरावांनी गुडघ्याला गुडघा लागेल एवढी खुर्ची पुढं ओढली. चहा तीनदा झाला.

पुढच्या हंगामात वरूडची संत्री बेटावर उतरली. दिल्लीला खुलासा मात्र द्यावाच लागला. रश्मीनं दोन पानं लिहून दिली होती. ती बाजूला सारून खुशालरावांनी एकच ओळ लिहिली: मागे एका मौतीला गेलो नव्हतो, तेव्हा आमदारकी गेली होती.