सरांनी पेटी उघडली

लोक विचारतात, वराळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून तू नक्की करतेस काय? मी मोजते. परदेशातल्या एका यंत्रात कणांच्या टकरी होतात. त्यांतून प्रोटॉनचा एक जरा जड भाऊबंद निघतो, तोही बॅरिऑनच, म्हणजे तीन क्वार्कांचा कण, पण बोटभर अंतर जाऊन फुटतो. फुटताना त्यातून सुटणारा प्रोटॉन शक्यतो त्याच्या स्पिनच्या, म्हणजे अंगच्या फिरकीच्या, दिशेनं उडतो. वर किती उडाले, खाली किती, हे मोजलं की या बॅरिऑनच्या स्पिनचा एकीकडे कल आहे का ते कळतं. त्यावरून आतल्या क्वार्कांची मांडणी ताडता येते.

या कामात एक रीत आहे. उत्तर आधी कोणी पाहायचं नाही. कॉम्प्युटर खऱ्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून ठेवतो. कुठल्या नोंदी ठेवायच्या, कुठल्या गाळायच्या, हे सगळं पक्कं झालं की मगच तो काढायचा. त्याला आम्ही पेटी उघडणं म्हणतो. उत्तर माहीत असलं की भलाभला माणूसही नकळत त्याच्या सोयीनं गाळायला लागतो.

माझी पेटी काही वर्षं बंद होती. मग एका शनिवारी माझे मार्गदर्शक सर कुरवंड्याला बंगला घेऊन सहकुटुंब राहायला आले आणि मला भजी खायला बोलावलं. मी स्कूटरवरून गेले.

व्हरांड्यात बसते न बसते तोच म्हणाले, "अगं, काल मी पेटी उघडून पाहिली. कल खालच्या बाजूला आहे. चांगला घसघशीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहिलंत ते पाहिलंत, मला कशाला सांगितलंत? माझं निम्मं गाळायचं काम बाकी होतं. आता प्रत्येक निर्णयाच्या वेळी तो कल माझ्या डोक्यात ठाण मांडून बसणार होता.

"तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना, सर."

"किती चिडतेस," म्हणून ते हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

बंगल्याची राखण करणाऱ्या मावशींनी ताटली ठेवली. "गरम हायेत तवर खावा, ताई." मी न खाता उठले.

सोमवारी ऑनलाइन मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सर कॅमेरा बंद करून बसले. ज्याला उत्तर ठाऊक, त्यानं कामाला हात लावायचा नाही. माझं काम दुसऱ्या देशातल्या एका मुलीकडे गेलं. तिनं नोंदी गाळल्या, पेटी उघडली. उत्तर तेच निघालं.

सरांचा फोन आला. "बघ, तेच आलं. काय बिघडलं?"

ते उत्तर पहिल्यांदा मी पाहणार होते. त्या एका सकाळसाठी मी इतकी वर्षं मान मोडून बसले होते. ती सकाळ तिला मिळाली. यात काय बिघडलं हे सरांना अजून दिसत नाही, आणि मी त्यांचा फोन घेत नाही.