तिकिटाएवढे फोटो

सुरगाण्याच्या एका शिक्षकांनी गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्या फोटोंसह वेबपानांवर लिहिल्या होत्या. छापण्यासाठी त्यांची वर्ड फाइल करायचं काम पंचवटीतल्या आमच्या ऑफिसात माझ्याकडे आलं. फोटो पानाबाहेर जात होते, म्हणून ते आपोआप लहान करणारा प्रोग्रॅम मी लिहिला. त्यात आकडा चुकला. सगळे फोटो तिकिटाएवढे झाले आणि मूळ फोटोंवरच सेव्ह झाले.

ते शिक्षक फाइल बघायला आले, तेव्हा मी झालेली चूक सांगितली. सर म्हणाले, “परत मोठे करा ना.”

मी केले, तर चेहऱ्यांच्या जागी नुसते चौकोन दिसले.

सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “ही माझी आई. आता ती नाही. तिचा हा एकच फोटो होता.”

“दुसरी कॉपी असेल ना?”

“नाही हो. वेबपानं इंटरनेटवर टाकलीच नव्हती. तुम्हाला दिले तेवढेच फोटो होते, कॅमेऱ्यातले तर उतरवून घेतले तेव्हाच पुसले.”

ते रागावले नाहीत. मी महिनाभर खटपट केली, पण तो चेहरा काही परत आला नाही. शेवटी पुस्तक फोटोंशिवायच छापलं.