मधला खांब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या जिवलग मित्राला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, आणि आमच्या गावच्या लग्नाला तुम्ही येण्याची शक्यताही कमी. आलातच तर डावीकडे बसा. उजवीकडून नवरी दिसत नाही. मधे खांब येतो.

त्या खांबाबद्दलच बोलायचंय. पण एकदम खांबावर येणं — नाही, जमणार नाही. आधी परीक्षेचं सांगतो.

मी रोह्याला एका कंपनीत सिव्हिलमध्ये होतो. साध्या इमारती मला येत. पण मोठ्या गाळ्याच्या इमारती — म्हणजे सभागृहं, गोदामं, जिथं मधे एकही खांब नको आणि छप्पर तर डोक्यावर राहिलं पाहिजे — त्यांच्यासाठी इंजिनिअरांची एक वेगळी परीक्षा असायची. ती पास झाला की माणूस मोठा. मी अर्ज भरला आणि त्या संध्याकाळपासूनच मोठ्या माणसासारखा वागायला लागलो.

अभ्यासाला मी सुट्टीच्या दिवशी पेणजवळच्या आमच्या गावी, गोविंदमामांकडे जायचो. आईचे हे थोरले भाऊ, भाताची आणि वालाची शेती करणारे. माझ्या परीक्षेचा धसका माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त घेतला होता. मी माडीवर पुस्तक उघडलं की खाली मामीला दम — "गो, पाट्यावर नको वाटू आता, अनंता वाचतोय." दुपारी वालाचं बिरडं, भाजलेले पोह्याचे पापड, आणि त्यावर पुस्तक छातीवर घेऊन मी जी ताणून द्यायचो! मामांना वाटे, पोरगा डोळे मिटून हिशेब करतोय. आता, मी काहीच केलं नाही असं नाही. वेळापत्रक रंगीत पेन्सिलींनी आखलं होतं. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, इतक्या सुबक काढायचो की मामांनी एक चित्र भिंतीला लावलं होतं, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी. ती कैची किती भार पेलेल, ते गणित तेवढं उद्यावर राहायचं.

परीक्षा मुंबईला होती. मामांनी स्वतः एस.टी.त बसवून दिलं, हातात डबा दिला. मी फाटकापर्यंत पोचलो. तिथं पोरं एकमेकांना सूत्रं विचारत होती, आणि त्यातलं एकही सूत्र माझ्या ओळखीचं निघेना. मग मी काय केलं? समोर बाग होती. तिथं बसून डबा खाल्ला. सावकाश खाल्ला. आणि परतीची एस.टी. धरली.

रोह्यात साहेबांना सांगितलं, कावीळ झाली, परीक्षेला बसताच आलं नाही. गावीही तेच सांगणार होतो — खरंच. पण निकालाच्या सुमाराला गेलो तर मामा उंबऱ्यातच उभे. "झालास ना रे पास?" त्या चेहऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी नुसती मान हलवली. ती वरखाली हलली.

म्हणजे रोह्यात मला कावीळ झाली होती आणि पेणला मी पास झालो होतो. रोह्यात लोक उसाचा रस पाजत होते, गावात पेढे भरवत होते. या दोन बातम्यांची नागोठण्याच्या स्टँडवर गाठ पडू नये म्हणून मी कितीतरी दिवस जीव मुठीत धरून होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर आज हसून सोडून दिलं असतं. पण गावानं लग्नाकार्यासाठी सभागृह बांधायचं ठरवलं. मामांनी त्यासाठी रस्त्याकडचं शेत दिलं, त्यांचं सगळ्यात चांगलं, ज्यातले वाल बाजारात लोक नावानं मागायचे. बदल्यात एकच मागणं — मधे खांब नको. मांडवाच्या मेढीआड, म्हणजे मधल्या लाकडी खांबाआड बसून मामीला स्वतःच्या लेकीचं लग्न दिसलं नव्हतं. "आणि आमचा अनंता त्यातलाच पास झालेला हाय," मामांनी गावाला सांगितलं. घरचा इंजिनिअर असताना बाहेरचा कोण बघतो?

खरं सांगता आलं असतं. निदान "हे माझ्याच्यानं होणार नाही" एवढं तरी? त्याऐवजी मी माती तपासायची म्हणून त्या शेतात खड्डा खणायला लावला. सगळं गाव भोवती. चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणि म्हणालो, "खार आहे."

आमच्याकडे या एका शब्दाला माणूस जेवढा भितो तेवढा भुताला भीत नाही. खाडीचा बांध फुटून शेतं खारी झालेली प्रत्येकानं पाहिलीत. मी म्हणालो, अशा जमिनीत सगळं ओझं कडेला टाकता येत नाही, मधे खांबांची रांग घ्यावी लागेल. खाडी तिथून कुठल्या कुठे. आणि मातीची चव? मातीसारखी होती.

"पण हिच्यात वाल होतो ना माझा," मामा हळूच म्हणाले.

"वरची गोड असते मामा. खालून खारी." वर दोन इंग्रजी शब्दही फेकले. मामांनी शेताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझं खरं धरलं.

सभागृह उभं राहिलं. पुढचा खांब बरोबर बोहल्यासमोर आला. निम्म्या अक्षता नवरानवरीवर पडतात, निम्म्या खांबावर. फोटोत एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भटजी, नवरी कुठं ते विचारू नये. लोक हसले. मग कुजबुजायला लागले — गोविंदानं दान म्हणून खारी जमीन गावाच्या गळ्यात मारली. ते मामांच्या कानावर गेलंच. तेव्हापासून दर लग्नाला ते आधी येऊन उजवीकडे उभे राहायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या खुर्च्या स्वतः उचलून डावीकडे न्यायचे. कुणी विचारलेलं नसताना सांगायचे, "जमीन माझी खारी निघाली, इलाज नाय." मी त्याच लग्नात पंगतीला जिलेबी खात बसलेला असायचो. घास अडकला का? नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही.

माझ्या मुलीचं लग्नही तिथंच झालं. मामा फार थकले होते. अक्षता पडल्या, आणि ते काठी टेकत माझ्यापाशी आले. व्याह्यांदेखत, माझ्यापुढे, त्यांनी हात जोडले.

"तुझ्या पोरीच्या लग्नातपण खांब आडवा आला रे. माझ्या जमिनीपायी. माफ कर."

मी त्यांचे हात हातात घेतले. आणि मी — त्यांचा भाचा, पास झालेला — म्हणालो, "असू दे मामा. मी कधी मनात ठेवलं नाही."

त्यांचे डोळे भरून आले. त्या पावसाळ्यात मामा गेले. मी त्यांना माफ केलं, असं समजून गेले.