वरून ओतणार नाही

एका परदेशाचे राष्ट्राध्यक्ष महाडला येणार म्हटल्यावर गावाला आधीच ताप चढला. चवदार तळ्याच्या कठड्याला रंग लागला, खड्डे रातोरात बुजले आणि ज्या गटारीसाठी मी चपला झिजवल्या होत्या ती कोणी न सांगता साफ झाली. मला हसू आलं आणि रागही आला.

पाहुण्यांच्या देशात एके काळी कातडीचा रंग बघून पाण्याचे नळ वेगळे ठेवलेले असत. म्हणून तळ्यापाशी उभं राहून या गावाचे आभार मानायचे, ही त्यांचीच इच्छा होती. आल्यावर आधी त्यांना पाणी द्यायचं, आणि ते मी द्यायचं, असं ठरलं. दर मार्चला तळ्यावर माणसं लोटतात तेव्हा आमच्या घरची पाणपोई असते. शिवाय माझे आजोबा पोलादपूरकडून चालत येऊन सत्याग्रहात इथलं पाणी प्यायले होते.

आदल्या दिवशी तालीम झाली. बंदोबस्ताचा अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातला, तरुण आणि बोलायला गोड. पाणी उकळून घ्या म्हणाला, मी हो म्हटलं. डॉक्टर तपासतील म्हणाला, त्यालाही हो. आधी मी स्वतः पिऊन दाखवायचं, तेही कबूल. मग त्याने शेवटची अट सांगितली. पाहुणे भांड्याला हात लावणार नाहीत. ते ओंजळ धरतील आणि मी तांब्याने वरून धार सोडायची.

"आपली जुनी पद्धतही दिसेल, बाई," तो म्हणाला. "फोटोही छान येईल."

मी तांब्या खाली ठेवला. ती जुनी पद्धत आजोबांच्या हातांना चांगली पाठ होती. पाणवठ्यापासून लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर त्याने उंचावरून ओतायचं, भांडं बाटू नये म्हणून. निम्मं पाणी कोपरावरून ओघळून जायचं आणि तहान तशीच राहायची. म्हातारपणीही हे सांगताना त्यांचे हात आपोआप जुळायचे. तळ्यावरही ते ओंजळीनेच प्यायले, पण तिथे वर कोणाचा हात नव्हता.

"पेला हातात देईन," मी म्हटलं. "वरून ओतणार नाही."

त्याने समजावलं. सुरक्षा, संसर्ग, वरून आलेले हुकूम. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. या तळ्याच्या काठी उभं राहून आपण काय मागतोय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग दुसरं कोणीतरी बघावं लागेल, असं तो म्हणाला. बघा, म्हटलं. आमच्या आळीत वरून ओतणारी एक जरी बाई मिळाली तर मला कळवा.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. एसटीचा ड्रायव्हर होता, कशेडीच्या घाटात उमेदीची वर्षं गेली त्याची, कशाला म्हणून घाई नाही.

"अगो, पाव्हना तहानेला जाऊ नये म्हंजे झालं," तो म्हणाला. "हातात काय नि वरून काय, पानी तेच हाय ना?"

पाणी तेच होतं, तर आजोबा एवढं चालत कशाला आले, असं मी विचारलं. तो उठला आणि पितळेचा पेला चिंचेने घासायला लागला.

सकाळी मला न्यायला गाडी आली, म्हणजे दुसरी बाई मिळाली नव्हती. अधिकारी अटीबद्दल बोलला नाही, मीही काही कबूल केलं नाही. तांब्यावर पेला पालथा घातला होता. झाकण म्हणून तो कोणाला खटकला नाही.

पाहुणे आले. उंच, वयस्कर, उन्हाने घामाघूम झालेले. पाण्याआधीच त्यांना भाषणाला उभं केलं गेलं. इथल्या माणसांनी पाणी पिऊन दाखवलं, ते ऐकून आमच्याकडच्यांना धीर आला, असं ते म्हणाल्याचं दुभाषी मुलीने सांगितलं. या गावाचे उपकार आपला देश विसरणार नाही, असंही म्हणाले. टाळ्या खूप पडल्या.

मग ते माझ्यासमोर आले, किंचित वाकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. त्यांना तसंच शिकवलेलं होतं. इथला रिवाज समजून ते मान देत होते. ते हात पाहिले आणि मला रडूच फुटणार होतं. अधिकारी मला हाताने धार सोडायची खूण करत होता.

मी पेला सरळ केला, भरला, आधी घोटभर पाणी ओठ न लावता पिऊन दाखवलं आणि पेला त्यांच्या ओंजळीत ठेवला. ते गोंधळले. मी दुभाषी मुलीकडे वळले.

"सांग त्यांना, आमच्या माणसांना पाणी असं वरून ओतायचे, भांडं बाटू नये म्हणून. तुम्हाला मी तसं नाही देणार."

तिने हळू आवाजात सांगितलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. अधिकारी पुढे सरसावला, तसा त्यांनी मान न वळवताच त्याला हाताने थांबवलं. मग पेला तोंडाला लावून सावकाश प्यायले आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते मी त्याच पेल्याला तोंड लावून प्याले, सगळ्यांच्या देखत.