मोगली एरंडाचे बदाम

आम्ही भोसरीत भाड्याच्या खोलीत नवीनच राहायला आलो होतो. शेजारी एक गॅरेजवाले आणि त्यांची बायको राहायची. तिला मी भाभी म्हणायचे. तिची मुलगी आणि माझी मुलगी, दोघी पहिलीत. दिवसभर एकमेकींना चिकटलेल्या.

एका शनिवारी दुपारी दोघी खेळून आल्या आणि थोड्या वेळानं माझ्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. ऊन लागलं असेल असं मला वाटलं. तेवढ्यात भाभी धावतच आली.

"ताई, हिला पण? माझी पण ओकतीये. काय खाल्लं गं तुम्ही?"

माझी मुलगी रडत म्हणाली, "बदाम."

गॅरेजच्या मागच्या कुंपणाला मोगली एरंड होता. त्याची वाळकी फळं फोडून, काळ्या बियांमधला पांढरा गर दोघींनी मिटक्या मारत खाल्ला होता. भाभीच्या मुलीच्या फ्रॉकच्या खिशात उरलेल्या बिया निघाल्या. त्या विषारी असतात हे मला माहीत होतं. गावाकडे आम्हाला त्या झाडाच्या आसपासही फिरकू देत नसत.

मी मिठाचं पाणी कालवायला घेतलं, पण भाभी तोवर रिक्षा थांबवून आली होती. माझा नवरा चाकणला कंपनीत, त्याचा फोन लॉकरमध्ये. वाजत राहिला नुसता. भाभीनं बिया रुमालात बांधल्या आणि आम्ही तशाच दवाखान्यात निघालो. रिक्षात ती सारखी काहीतरी पुटपुटत होती. मीही माझ्या देवाला सोडलं नाही.

डॉक्टरबाईंनी बिया नीट बघितल्या. "बरं केलंत आणल्यात. किती खाल्ल्या गं?"

"दोन-तीन," माझी मुलगी म्हणाली.

मी मिठाच्या पाण्याचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नाही पाजलंत ते उत्तम. तसलं काही घरी करायचं नाही, सरळ इकडे यायचं."

दोघींना दाखल करून सलाइन लावलं. दिवस कलला तशा उलट्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई तपासायला आल्या, तेव्हा माझ्या मुलीनं हळूच विचारलं, "मी कलिंगडाची बी पण गिळलीये. मग?"

"काही होत नाही."

"पेरूच्या?"

"त्या तर सगळेच खातात."

"चिंचोके?"

"भाजून खा खुशाल."

भाभीची मुलगी एकदम रडवेली झाली. "मी सीताफळाची बी गिळली होती."

"चावली होतीस का?"

"नाही. सटकली."

"मग ती कधीच बाहेर पडली. पण सीताफळाची बी चावायची नाही हं, आणि गराबरोबर मिक्सरमध्ये तर अजिबात घालायची नाही." शेवटचं वाक्य आम्हा दोघींकडे बघून होतं. मग त्या म्हणाल्या, "आता धोका नाही. संध्याकाळी घरी न्या."

भाभी हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी तिचा हात धरला.

घरी आल्यावर तिनं मऊ खिचडी टाकली. एकाच ताटात जेवताना दोघींचं भाजलेल्या पापडावरून कडाक्याचं भांडण जुंपलं. आम्ही दोघी जिन्यात बसून ते ऐकत राहिलो. सोडवायला कुणीच उठलं नाही.